निष्कर्ष आधी

निष्कर्ष

तिवरपाड्याचं खाजण बुजलं ते मनालीच्या अर्ध्या वाक्यामुळे. उरलेलं अर्धं तिच्या तोंडातच राहिलं, आणि ज्या दिवशी ते वाक्य अख्खं बाहेर पडलं त्या दिवशी खाजण जागेवर नव्हतं.

गोष्ट एवढीच. ज्याला मांडवातून लवकर उठायचं आहे त्याने इथूनच उठावं, त्याचं काही चुकणार नाही. बाकीच्यांसाठी पुढचं.

प्रस्तावना

ठाण्याकडून येताना कशेळीचा पूल उतरला की दोन्ही हातांना गोदामं सुरू होतात. त्यांच्यामधून एक रस्ता ट्रकांना चुकवत चुकवत खाडीकडे जातो आणि शेवटी दमून थांबतो, तिथे तिवरपाडा. सगळी आगरी घरं. कधीकाळी भात पिकवायची, मिठागरात राबायची. दोन हजार सालानंतर एकेकाच्या शेतावर गोदामांचे गाळे उभे राहिले, घरांना टाइल्स लागल्या, दारात गाड्या आल्या. पिकवायला काही उरलं नाही तशी लोकांनी पहाटे उठायची सवयही सोडली.

उरलं होतं ते एक खाजण. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी ती चिखलाची जमीन कुणा एकाची नव्हती, गावकीची होती, म्हणून तर वाचली होती. कडेने तिवरांची, म्हणजे खारफुटीची, गर्द राई, मधे काळाभोर चिखल, आणि चिखलात बिळं करून राहणाऱ्या निवट्या, बोटाएवढी मासळी. दोन डोळे डोक्यावर घेऊन बाहेर येणार आणि चाहूल लागली की सटकन आत. खाजणाच्या एका टोकाला भिवंडीकडून येणारा नाला खाडीला मिळायचा. लुंग्या, साड्या, अस्तरं रंगवून उरलेलं पाणी त्यातून यायचं. कुठल्या दिवशी लाल, कुठल्या दिवशी जांभळं. पाड्यावरचे लोक त्यावरून सांगायचे, आज भिवंडीत कुठला कपडा निघाला.

या खाजणात रोज उतरणारी बाई म्हणजे आक्का. गावकीच्या पंचांपैकी दौलत, त्याची ती थोरली बहीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालं तशी भावाच्या घरी परत आली. पुढे भावजयही गेली आणि दौलतची लहानगी मनाली हिच्याच कडेवर आली. नात्याने आत्या, पण सगळा पाडा तिला आक्काच म्हणायचा. ओहोटी लागली की तिचा पाय घरात ठरायचा नाही. लुगड्याचा काष्टा मारून, कमरेला टोपली बांधून ती चिखलात उतरायची आणि बिळात हात घालून निवट्या काढायची. घरात कुणी बाळंतीण असो, तापातून उठलेलं असो, आक्काचं निवट्यांचं कालवण ठरलेलं. मनालीची हाडं त्यावरच वाढली.

तीच मनाली पुढे प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली आणि पीएचडीला लागली. पाड्यावरून तिथवर गेलेली ती पहिलीच. लोक तिला आधीपासून डॉक्टर म्हणू लागले. ती सांगायची, अजून झाले नाही, आणि झाले तरी तुमच्या तापावरची नाही. लोक म्हणायचे, बरं डॉक्टर.

साहित्य आणि पद्धत

तिच्या संशोधनाचं साहित्य म्हणजे प्लास्टिकचा एक पाइप. तो चिखलात उभा दाबायचा, वर बूच लावायचं आणि अलगद उपसायचा. आत चिखल थरांनी उभा येतो, वर ताजा, खाली जुना. ते थर वेगळे करायचे, बाटल्यांत भरायचे, मुंबईला प्रयोगशाळेत न्यायचे. नाल्यातून येणारं शिसं आणि क्रोमियम कुठे किती साठलंय, ते शोधायचं. सोबत प्रत्येक जागची निवटीही न्यायची.

पद्धत शिकवली आक्काने. पहिल्या दिवशी मनाली मांडीपर्यंत रुतली होती, रडकुंडीला आली होती. आक्काने तिला बगलेत हात घालून वर काढलं आणि सांगितलं की चिखलात पाय उचलायचा नसतो, सरकवायचा असतो. जो उचलतो तो जातो. मग ती पाइपाच्या चिखलाकडे बघत राहिली आणि पाण्यावर आलेल्या बायकांना म्हणाली, "बाकीच्या पोरी चिखलातून चिंबोरी आनतान. आमची चिखलच आनते. कुनी जेवाया बोलवू नका आमच्याकडं."

त्या दिवसापासून मनाली 'चिखलाची डॉक्टर' झाली.

तीन वर्षं हे चाललं. आणि जे हाती आलं ते असं होतं, की नाल्याच्या तोंडाशी शिसं वरपासून खालपर्यंत, तिथल्या निवट्यांतही. पण तिथून तिवरांच्या राईत शिरलं की चित्र बदलायचं. तिथेही शिसं होतं, भरपूर होतं, पण हातभर खोल. मुळांनी वर्षानुवर्षं नाल्याचा गाळ अडवून, दाबून ठेवला होता. तिथे हवा पोचत नाही आणि हवा पोचत नाही तोवर ते सुटत नाही. वरचा चिखल, तिथल्या निवट्या, तिवरांपलीकडचं पाणी, सगळं ठरवून दिलेल्या मर्यादेत. म्हणजे खाजणाने विष गिळून कंठात धरलं होतं. जोवर कुणी त्याचा गळा कापत नाही तोवर पाडा सुखरूप.

पण मनालीला हे असं बोलता येत नव्हतं. ते तिच्याकडे इंग्रजीत होतं आणि क्रमाने होतं. तो क्रम नीला मॅडमचा. मॅडम तिच्या गाइड, मूळच्या भिवंडीतल्याच, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्यांत कारकुनी केलेल्या घरातल्या, अक्षर मोत्यासारखं आणि शिस्त सुईसारखी. त्यांनी पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं. आधी प्रस्तावना, मग पद्धत, मग निरीक्षण, मग थांबायचं, ऐकणाऱ्याला आकडे बघू द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष. "पाया, भिंती, मग छप्पर," त्या म्हणायच्या. "छप्पर आधी घेऊन धावतात ते बातमीदार." दुसरा नियम असा, की पेपर छापून येईपर्यंत बाहेर तोंड उघडायचं नाही.

एकदा विभागात एक पाहुणे आले. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपलं विज्ञान लोकांपर्यंत का न्यावं, यावर बोलले. संशोधन लोकांच्या पैशावर चालतं, म्हणून. लोकांचा विज्ञानावर विश्वास बसतो, म्हणून. दुसऱ्याला सांगताना आपल्यालाच नीट उमगतं, म्हणून. पुढे नोकरीच्या मुलाखतीत उपयोग होतो, म्हणून. पोरांनी माना डोलावल्या, समोसे खाल्ले. शेवटचं कारण पाहुण्यांनी जाता जाता, चहाचा कप शोधत सांगितलं. तुम्ही बोलला नाहीत, तर तुमच्या वतीने दुसरं कुणी तरी बोलेल.

मनालीला तेवढं एक घरी येईपर्यंत पुरलं. कारण घरी वडील सांगत होते की सावळारामशेठचा निरोप आलाय.

सावळारामशेठ शेजारच्या गावचा. चार गाळ्यांपासून सुरू करून आता त्याला स्वतःला मोजता येत नसत इतके गाळे. त्याला गावकीचं खाजण हवं होतं. बदल्यात गावदेवीचं देऊळ संगमरवरी, लग्नाला हॉल, घरटी वाटा आणि पोरांना गोदामात काम. हळदीनंतरच्या रविवारी गावकी बसणार होती. पंच निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दौलत मधे.

हळद म्हणजे चुलतभावाची, कुणालची.

निरीक्षण

ज्यांनी आगऱ्यांची हळद पाहिली नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की लग्न एक वेळ चुकवलं तरी चालतं, हळद नाही. सगळा पाडा, सोयरेधायरे, आसपासची चार गावं मांडवात येतात. नवरदेव पिवळा होऊन पाटावर बसलेला असतो, पण खरा कार्यक्रम माइकवर चालतो. माइकवाला निवेदक आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव, हुद्दा पुकारतो. ज्याचं नाव पुकारलं गेलं नाही तो वर्षभर तोंड दाखवत नाही. म्हणून नियम असा, की मांडवात मोठा पाहुणा शिरला की माइकवर कुणीही असो, काहीही चालू असो, आधी त्याचं नाव.

निवेदक होता धनेश, मनालीच्या वर्गातला. शाळेत तोंडातून शब्द फुटायचा नाही, आता पाच तालुक्यांत त्याच्या आवाजाशिवाय हळद लागत नसे. मनालीने त्याला आधी गाठून सांगितलं की रविवारच्या आत तिला सगळ्यांना काही सांगायचंय. बायकांना गावकीत बसता येत नाही. सगळा पाडा एका जागी बसलेला पुन्हा सापडायचा नाही. धनेशने विचार केला. दिवेलागणीला, पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटं देतो म्हणाला. "पन पाहुना आला का थांबाचा. तुला माहीत हाय."

तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

पहिल्या रांगेत आक्का बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, बाजूला मनालीच्या थोरल्या भावाची बायको कमळ, तिसऱ्या महिन्यातली. मनालीने माइक हातात घेतला. तिच्या तोंडून आपोआप मॅडमचा क्रम सुरू झाला.

ती म्हणाली, नमस्कार. ती म्हणाली, आपल्या देशाला फार मोठी किनारपट्टी लाभलेली आहे आणि किनाऱ्यावरच्या तिवरांच्या वनांना पर्यावरणात

*आत्ताच आपल्या मांडवात आगमन झालेलं आहे, टेमघरचे सुप्रसिद्ध, वराचे मामा, यजमानांच्या वतीने हार्दिक स्वागत, त्यांनी पुढे येऊन स्थानापन्न व्हावं*

पर्यावरणात महत्त्वाचं स्थान आहे. कारखान्यांमधून येणाऱ्या सांडपाण्यात जड धातू असतात. जड धातू म्हणजे असे धातू, ज्यांची घनता

*कामतघरहून आलेले, चाळीस लूमचे मालक, आमच्या दौलतशेठचे जिवलग मित्र, आपल्या मित्रमंडळींसह, त्यांना विनंती, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत*

ज्यांची घनता जास्त असते. तर या अभ्यासासाठी मी खाजणातल्या निरनिराळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या ऋतूंत, पाइपच्या साहाय्याने चिखलाचे नमुने गोळा केले.

पाइप म्हटल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, नळाला पानी न्हाय आन् डॉक्टर चिखलाला पाइप लावते. मांडव हसला. मनालीही हसली. हसल्यावर तिला बरं वाटलं, लोक ऐकतायत असं वाटलं. आवाज मोकळा झाला. आणि ती स्पष्ट, ठाम, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"आपल्या खाजणाच्या चिखलात शिसं सापडलं. म्हणजे विष. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त."

आणि ती थांबली.

या थांबण्याला पुढे तिने किती शिव्या दिल्या असतील त्याला हिशेब नाही. विभागातल्या बैठकांमध्ये ती इथेच थांबायची. मागे पडद्यावर आकडे असायचे, लोक ते बघायचे, मग ती हळूच बटण दाबायची आणि पुढचं चित्र यायचं. मांडवात पडदा नव्हता. मागे थर्माकोलचा मोर होता. तरी ती थांबली, कारण तीन वर्षं तिथे थांबली होती. आक्का तिच्याकडे बघत होती. कमळचा हात पोटावर गेला होता. दोन श्वासांचाच तो वेळ, आणि पुढचा शब्द 'पण' असा तिच्या ओठांवर आलाही होता.

*आणि आत्ताच, मंडळी, आत्ताच, ज्यांची आपण आतुरतेने वाट पाहत होतो, उद्योगरत्न, दानशूर, आपल्या सगळ्यांचे लाडके सावळारामशेठ*

धनेशने माइक तिच्या हातून काढून घेतला. ओढला नाही, अगदी नातेवाइकाने घ्यावा तसा घेतला. बेंजो वाजला. शाल आली, नारळ आला. शेठने नवरदेवाच्या गालाला हळद लावली, दोन शब्द बोलायला उभा राहिला, आणि त्याला नीला मॅडमकडे शिकायची कधी वेळ आली नव्हती, म्हणून त्याने निष्कर्ष आधी सांगितला.

"खाजन मेलेलं हाय. हे मी न्हाय बोलत, तुमची डॉक्टर पोरगी बोलली, मी गाडीतून उतरताना ऐकलं. मला तिचा अभिमान वाटतो. मेलेला मानूस घरात ठेवतो का आपन? दोन अश्रू गाळतो न् उचलतो." मग त्याने मनालीकडे वळून हात जोडले. आहेर म्हणून नवरदेवाला जे काही दिलं ते दिलंच, वर तिलाही शाल घातली.

टाळ्या पडल्या. त्यात दौलतच्याही होत्या. पोरीला भरल्या मांडवात शाल मिळाली होती, बाप टाळी वाजवणार नाही तर काय करणार.

मनाली धनेशकडे गेली. म्हणाली, एक वाक्य राहिलंय, एकच. धनेश म्हणाला, आता धवलारीण बसली, आता माइक तिचा. पाटाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने हळदीचा धवला धरला होता. देवांना एकेक करून मांडवात बोलावणारं ते गाणं मधे तोडलं तर नवऱ्यामुलाला बाधतं, असं पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. मनाली खांद्यावर शाल घेऊन उभी राहिली. धवला संपला, तसा बेंजो सुरू झाला. बेंजो संपायच्या आत मटण-भाकरीची पंगत बसली. पंगतीत कुणी विष हा शब्द काढत नाही.

चर्चा

बापाशी. दौलत ओसरीवर दात कोरत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, या वेळी उलट्या क्रमाने, निष्कर्ष आधी. तो ऐकून घेऊन म्हणाला, "विष हाय का न्हाय, तेवढं सांग." ती म्हणाली, आहे, पण. तो म्हणाला, "मंग झालं की. 'पन'ला गावकीत खुर्ची नसते."

मॅडमशी. फोनवर पहिलाच प्रश्न. जाहीर बोललीस, पेपरच्या आधी? मनाली म्हणाली, पूर्ण नाही बोलले मॅडम, अर्धंच. मॅडम म्हणाल्या, तेच तर वाईट. आता ते दुरुस्त करायला जाऊ नकोस, प्रत्येक दुरुस्तीला नवा अर्थ लागेल. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि मॅडम घाबरू शकतात हे मनालीला त्या दिवशी कळलं.

धनेशशी. तो खरंच ओशाळला होता. पुढच्या हळदीत पहिला माइक तुझा म्हणाला. पुढची हळद रविवारनंतर होती.

गावकीशी. बायकांना आत जाता येत नाही म्हणून ती देवळामागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आत दौलतने तिच्या वतीने विषय काढला, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, त्याच्यावर आळ नको. तो म्हणाला, मनालीचं म्हणणं, अजून थोडं सांगायचं राहिलंय. कुणीतरी विचारलं, अजून काय, अजून विख? लोक हसले. मग शेठच्या माणसाने विचारलं की तुमच्याच मुलीने सांगितलेलं खरं धरायचं का खोटं. दौलत म्हणाला, खरं. पोरगी खोटं बोलली म्हणणार कसा. मधे बसलेला दौलत त्या क्षणी एका बाजूला झाला.

भिंतीपलीकडे मनालीने तोंड उघडलं होतं. ओरडली असती तर ऐकू गेलं असतं. पण कुठल्या शब्दापासून ओरडायचं, हे तिला ठरवता येईना.

कचेरीत. ठाण्याच्या एका कार्यालयात साहेबांनी बसवलं, पाणी दिलं. तिवरं तोडता येत नाहीत, कायदा आहे, तक्रार द्या म्हणाले. सोबत शास्त्रीय पुरावा जोडा. छापून आलाय का कुठे? नाही? मग यावर तुमचं नुसतं मत असं लिहावं लागेल. शिवाय हे बघा, एका साप्ताहिकाचं कात्रण त्यांच्यापाशी आधीच आलं होतं. मथळा होता, 'खाजणात विष, तरुण संशोधिकेचा दावा'. खाली शाल पांघरलेली मनाली.

तिने त्या साप्ताहिकाला खुलासा पाठवला. तो छापला, खोटं कशाला बोला. आतल्या पानावर, आकडा सांगणाऱ्या ज्योतिषाच्या जाहिरातीखाली. तोवर डंपर लागले होते.

बायकांशी. त्या आता खाजणात उतरत नव्हत्या. निवट्यांचा विषय निघाला की पोरांना जवळ ओढायच्या. मनाली दारोदार गेली. निवट्या चांगल्या आहेत, नाल्याच्या तोंडाच्या सोडून बाकी खा, खाजण सोडू नका, तुम्ही सोडलंत की तेच पाहिजे त्यांना. त्या प्रेमाने ऐकायच्या, चहा ठेवायच्या. एकीने विचारलं, "म्हंजे तवा चुकलीस का आता चुकतस?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

फक्त आक्का जात राहिली. लोकांनी हटकलं तर म्हणायची, मला काय मूल व्हायचं राहिलंय का.

मर्यादा

तिवरं पडायला फार दिवस लागले नाहीत. पाया खणताना हातभराखालचा चिखल वर आला, उन्हात उघडा पडला, भरतीने धुऊन खाडीभर नेला. वरून तांबडा मुरूम पडला आणि मुरमावर पत्र्याचे गाळे.

त्याच वर्षी मनालीची तोंडी परीक्षा झाली. दौलतने सुमो केली, पाच-सहा मंडळी आली, आक्काही आली. शेवटच्या रांगेत चप्पल काढून बसली. पडद्यावर खाजणाचं चित्र आलं तेव्हा तिने कमळला कोपराने ढोसलं, कारण चित्राच्या कोपऱ्यात दोन पाय होते आणि ते तिचे होते. मनालीने क्रमाने सगळं मांडलं. आकड्यांपाशी थांबली, बटण दाबलं. शेवटी निष्कर्ष वाचला, की हा चिखल कोणत्याही परिस्थितीत हलवू नये. बाहेरून आलेले परीक्षक फार खूश झाले. हे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत, लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणाले. मॅडमनी खाली बघितलं. टाळ्या पडल्या, त्यात पुन्हा दौलतच्या होत्या.

आता ती खरोखरची डॉक्टर होती. गावात येताना तिच्या नावाचा फलक लागला. त्यावर शुभेच्छुक म्हणून सावळारामशेठचा फोटो होता, तिच्यापेक्षा मोठा.

आभार

कमळला मुलगी झाली त्या आठवड्यात मनाली पाड्यावर आली. घरात आक्का नव्हती. ओहोटीची वेळ होती. मनालीला वाटलं, आता कुठे गेली असेल, जायला उरलंय काय. मग तिच्या लक्षात आलं आणि ती धावत सुटली.

गाळ्यांच्या मागच्या भिंतीला वळसा घालून ती गेली. चिखलाचा एकच तुकडा उरला होता. पाणी जायला वाट हवी म्हणून शेठने नाल्याचं तोंड तेवढं बुजवलं नव्हतं.

आक्का तिथे होती. काष्टा मारलेला, टोपली कमरेला, पाय न उचलता सरकवत होती. त्या दिवशी नाला निळा होता. तिच्या पोटऱ्या निळ्या झाल्या होत्या.

मनाली काठावरून बोलली. या वेळी प्रस्तावना नाही, पद्धत नाही, मधे थांबणं नाही. ते वाक्य तिने इतक्या दिवसांत इतक्या वेळा घोटलं होतं की आता त्यात एकही शब्द जास्त नव्हता. "आक्का, इथलं खाऊ नकोस. वहिनीला देऊ नकोस. तिवरांतलं चांगलं होतं, हे एवढंच वाईट आहे. आपल्या पोरीच्या अंगात जाईल ते."

आक्काने ऐकलं. पूर्ण ऐकलं, मधे तोडलं नाही. भरल्या मांडवात कुणी दिली नव्हती तेवढी उसंत तिने दिली. मग कमरेत वाकली, बिळात हात घातला.

"तूच त बोललीस हलदीला, सगल्या खाजनात विख हाय," ती म्हणाली. "मंग तितं काय न् हितं काय. तितलं खाऊन तू डॉक्टर झालीस."

"तिथलं वेगळं होतं, आक्का."

"आता तित शेठचा गाला हाय." तिने निवटी काढून टोपलीत टाकली. "बालंतीन घरात हाय. तिला काय घालू, मॅगी?"

सांगायला मनालीकडे काही नव्हतं, असं नाही. थर होते, आकडे होते, दोनशे पानांचा प्रबंध होता. तिने चपला काढल्या आणि चिखलात उतरली, टोपली हिसकावून घ्यायची असं मनाशी ठरवून. दुसऱ्याच पावलाला तिने पाय उचलला आणि मांडीपर्यंत रुतली.

आक्का आली. तिने बगलेत हात घालून तिला वर काढलं, पहिल्या वेळी काढलं होतं तसंच. काठावर आणून बसवलं. तिच्या तोंडावरचा चिखल पुसायला गेली, पण हात निळा होता, तेव्हा पदर शोधू लागली. तोही निळा. मग टोपलीत बघून चांगली टपोरी, अजून डोळे हलवणारी एक निवटी निवडली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. तुझ्या बाटलीला ठेव ही. अभ्यासाला लागंल."

मनालीने ती घेतली. ओंजळीत धरून बसली. टोपलीतल्या बाकीच्या घेऊन आक्का घराकडे निघाली. भरती लागत होती, आणि कमळ जेवायची वाट बघत होती.